विसातल्या सात पुंगळ्या

नेड्रा टिंगीला 'का' विचारल्याशिवाय घास गिळत नाही, असं तिचा नवरा वर्ल चारचौघांत सांगायचा. लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात तिने सासूने दिलेलं शिवणयंत्र उघडून टेबलावर पसरलं होतं, कारण खालचा दोरा वर कसा येतो ते तिला बघायचं होतं. यंत्र पुन्हा जोडायला दोन दिवस लागले आणि एक स्क्रू उरला. यंत्र आजही चालतं. स्क्रू स्वयंपाकघराच्या खिडकीत पडून आहे. तो नक्की कुठला, हे पन्नास वर्षांत कळलेलं नाही, आणि भांडी घासताना तिची नजर अजून त्याच्यावर जाते.

बेअर लेकच्या वरच्या अंगाला, आयडाहोच्या त्या उंच खोऱ्यात, एप्रिलमध्येही कुंपणाच्या सावलीला बर्फ असतो. मेंढ्या तेव्हाच वितात, आणि कायोटी तेव्हाच खाली उतरतात. कोल्ह्याहून मोठा, लांडग्याहून लहान, आणि दोघांहून लबाड असा हा प्राणी जोडीने येतो. पहिल्यावर गोळी झाडली की दुसरा थांबत नाही. म्हणून शेजारच्या डुएनने, ज्याच्या सहाशे मेंढ्या होत्या, वर्लला गळ घातली होती की एक गोळी सुटताच दुसरी आपोआप आत सरकेल अशी रायफल आपल्याला बनवून द्या.

वर्ल फॉस्फेटच्या खाणीच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं लेथवर होता. त्याने नुसती रायफल जुळवली नाही, तिच्यासाठी काडतूसही स्वतःचं काढलं. कुठल्याच कारखान्यात न बनणाऱ्या अशा घरगुती काडतुसाला तिकडे रानमांजर म्हणतात. बाजारातल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी घ्यायची, साच्यात दाबून तिची मान बारीक करायची, खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, मागे ढकलायचा, एकदा झाडून तिला पुरता आकार द्यायचा, आणि मग पुन्हा भरायची. वर्लने त्याचं चित्र चर्चमध्ये, प्रवचन चालू असताना, पत्रकाच्या पाठीवर काढलं होतं. नाव ठेवलं 'सिक्स नेड्रा'. सिक्स गोळीच्या सहा मिलिमीटरचा, नेड्रा बायकोची.

"मान नाजूक, खांदे भक्कम आणि आवाज मोठा," तो नावाचा अर्थ सांगायचा.

"आणि तुझ्या खांद्याला धक्का कमी देते, तेही सांग की," नेड्रा म्हणायची.

कामाची वाटणी ठरलेली होती. पुंगळ्या साच्यात दाबायची प्रेस आणि बंदुकीची दारू वर्लकडे. पितळ मऊ पडावं म्हणून पुंगळ्यांच्या माना आणि खांदे तापवायचं काम नेड्राकडे, कारण रंग ओळखण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. केकच्या लांबट भांड्यात पाणी घालून ती वीस पुंगळ्या चार-चारच्या पाच रांगांत उभ्या करायची. बूड पाण्यात राहिलं पाहिजे, कारण बूड मऊ पडलं तर पुंगळी फुटून माणसाचा डोळा जाईल. मग गॅसच्या बत्तीची ज्योत एकेका मानेवर धरून मोठ्याने सातपर्यंत मोजायचं, आणि काडीने टोचून पाण्यात आडवी करायची. चुर्र आवाज आला की पुढची.

बुधवारी डुएनसह तिघं रायफल तपासायला मुरुमाच्या खाणीत गेले. वर्लने वीस काडतुसं झाडायला घेतली. चौथं अडलं. काडतूस आत ढकलून नळी बंद करणारा बोल्ट पुढे आला, पण शेवटचा केसभर मिटेना. नववं अडलं. मग दोन लागोपाठ. एकूण सात अडली.

"ब्रदर टिंगी, ही बंदूक आहे की माझा जुना ट्रॅक्टर?" डुएन चर्चमधल्या रिवाजाने हाक मारत म्हणाला. मग वर्लचा चेहरा बघून घाईने बोलला, "मी आपलं गमतीत हो. आणखी आठवडा लागला तरी चालेल."

"काल किती कोकरं गेली?" वर्लने विचारलं.

डुएनने टोपी मागे सरकवली. "दोन."

वर्लने रायफल गुंडाळली आणि ते घरी आले. गेल्या हिवाळ्यापासून वर्लचे हात थरथरत होते. डॉक्टरने औषध दिलं होतं, त्याने सूप सांडायचं थांबलं, थरथर थांबली नाही. जेवताना त्याने बटाट्यावरचं चीज काट्याने नुसतं उकरलं.

"सोमवारी शेडमधला कामाचा बाक रिकामा करतो," तो म्हणाला. "प्रेस, साचे, सगळं डुएनच्या मेव्हण्याला देऊन टाकू. हात गेले, नेड्रा."

"हातांनी काय केलं?"

"साचा नीट बसवला नसणार. कधी कमी दाबलं, कधी जास्त. आणखी काय असणार?"

"ते मला माहीत नाही," नेड्रा म्हणाली. "पण तुलाही माहीत नाही."

"तुझं सुरू झालं."

"झालं. तो पाव इकडे दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ल दवाखान्यात रक्त तपासायला गेला आणि नेड्रा शेडमध्ये. तिने झाडलेल्या तेरा पुंगळ्या एका बाजूला मांडल्या, अडलेली सात काडतुसं दुसऱ्या बाजूला. फळीवर पोलादाचा एक आखूड तुकडा होता. रायफलची नळी कापताना उरलेल्या टोकाला वर्लने नळीत काडतूस बसतं त्या जागेसारखंच भोक पाडलं होतं. त्यात काडतूस काठाशी सपाट बसलं, तर रायफलमध्ये बसणार. तुकड्यावर धूळ होती. नेड्राच्या ते लक्षात आलं, आणि तिने ते मनात ठेवलं.

अडलेली सातही तिने एकेक करून आत सोडली. प्रत्येक नखाला लागेल इतकी वर राहिली. सगळी सारखीच वर. कमी नाही, जास्त नाही.

ती थांबली. थरथरत्या हाताने चूक झाली असती, तर एक जास्त वर, एक कमी, एक खोल गेली असती. सात चुका एकसारख्या कशा होतील?

तिने काडतुसं खिडकीशी नेली. पितळ तापलं की मानेवर साबणाच्या फुग्यासारखा निळसर पट्टा उमटतो. तेरांपैकी बहुतेक पुंगळ्यांवर तो पट्टा खांद्याच्या खालपर्यंत आलेला होता. सातांवर तो खांद्याच्या वरच संपला होता. म्हणजे सातांचे खांदे तापलेच नव्हते, कडकच राहिले होते. कडक पितळ साच्यात दबतं, पण बाहेर आल्यावर पुन्हा थोडं मूळपदावर येतं. मळून लगेच लाटलेली कणीक लाटण्याखालून कशी आत ओढली जाते, तसंच. हाताने बोल्ट रेटायची रायफल असती तर तेवढं चालून गेलं असतं. पण आपोआप भरणाऱ्या रायफलीत मागे फक्त स्प्रिंग असते. तिला रेटारेटी जमत नाही.

प्रेस निर्दोष होती. वर्लचे हात निर्दोष होते. माना तापवणारी कोण?

नेड्रा स्टुलावर बसली. सातपर्यंत मोजताना आपण कधी चुकलो? तिने गॅसची बाटली हलवून बघितली, बत्तीचं तोंड पुसलं. मग केकचं भांडं उचललं, आणि तोंडातून "अस्सं!" निघालं. त्या खोऱ्यातलं पाणी जड, भांड्यांवर पांढरी रेघ सोडतं. भांड्यातली रेघ तिरकी होती. एका टोकाला बोटभर वर.

तिने भांडं बाकावर ठेवलं, पाणी घातलं आणि वाकून बघितलं. आधी हे काम स्वयंपाकघरात व्हायचं. नाताळानंतर फरशी नवी केली, तिला डाग नकोत म्हणून नेड्रानेच भांडं शेडमध्ये आणलं होतं. आणि थंडीत जमीन फुगून शेडचा एक कोपरा उचलला होता. खालच्या टोकाच्या दोन रांगा जास्त पाण्यात उभ्या होत्या, आणि खांद्याची ऊब पाणीच पिऊन टाकत होतं. दोन रांगांत आठ पुंगळ्या. मग आठवी? तिने तेरांत शोधली. एकीचा पट्टा बरोबर खांद्यावर संपत होता. कशीबशी निसटली होती बिचारी.

वर्ल आला तेव्हा ती दारातच उभी होती.

"चूक माझी आहे," ती म्हणाली, आणि चेहऱ्यावर लाज दिसायच्या ऐवजी इतका आनंद होता की वर्ल दोन पावलं मागे सरला.

तिने त्याला रेघ दाखवली, पट्टे दाखवले, तुकडा दाखवला. त्याने प्रत्येक काडतुसावर नख फिरवलं.

"तरी मला आधी कळायला हवं होतं," तो म्हणाला.

"हवं होतं. तुकड्यावर धूळ आहे, वर्ल. पूर्वी तू प्रत्येक पुंगळी त्यात टाकून बघायचास."

तो खिडकीबाहेर बघू लागला. "बोटांतून पडतात गं. मग गुडघे टेकून शोधा. एक-दोन बघतो आणि बाकीच्या देवावर."

"मग त्या मी बघेन. देवाला दुसरी कामं आहेत."

त्याला हसू आवरेना. मग त्याने पाचर करायला लाकडाचा तुकडा घेतला आणि बाकाच्या पायाशी वाकला. पाचर दोनदा निसटली. नेड्राने हात पुढे केला नाही. तिसऱ्यांदा बसली. हातोडीचे चार ठोके, आणि पाण्याची कड भांड्याच्या काठाशी समांतर आली.

सातही काडतुसं उघडून त्यांच्या पुंगळ्या पुन्हा तापवल्या, दाबल्या आणि झाडलेल्या तेरांबरोबर भरल्या. यावेळी वीसही काडतुसं त्या पोलादी तुकड्यात जाऊन आली. शनिवारी मुरुमाच्या खाणीत वर्लने रायफल वाळूच्या पोत्यावर टेकवली आणि वीस गोळ्या झाडल्या. एकही अडली नाही. डुएनने शिट्टी वाजवली.

"सिस्टर टिंगी, हिला मी आजच नेतो हं. माझी बायको खिडकीत बसून वाट बघतेय."

"ने. पण पुंगळ्या इथे राहतील," नेड्रा म्हणाली. "असल्या पुंगळ्या दुकानात मिळत नाहीत."

डुएन वेचायला वाकणार, तेवढ्यात वर्लने त्याला हाताने थांबवलं. तो स्वतः गुडघ्यांवर बसला आणि गवतातून एकेक पुंगळी टोपीत टाकू लागला. काही दोनदा सुटल्या. एकोणीस झाल्या. विसावी नेड्राला दिसत होती, त्याच्याच डाव्या बुटाशी, उन्हात चकाकत. तिने ती दाखवली नाही. वर्लने गवत बाजूला केलं, मागे वळला, बघितलं, उचलली.

"सोमवारी," टोपी तिच्याकडे देत तो म्हणाला, "भांड्यात पाणी तू भरशील ना?"