काकांच्या रोलवरचे अकरा फोटो

त्या रोलमधले अकरा फोटो मी कागदावर छापलेले कधीच पाहिले नाहीत. पाहिले ते निगेटिव्हवर, आणि तेही दुसऱ्याच्या हातात. ते आठवले की आजही स्वतःची किळस येते. शिळं अन्न नकळत तोंडात गेल्यावर येते तशी. थुंकून टाकावं म्हटलं तर चव काही जात नाही.

आम्ही तेव्हा शारजात, रोल्ला भागात राहायचो. दोन बेडरूमचं घर, शेअरिंगमध्ये घेतलेलं. हॉल आणि मोठी बेडरूम आईबाबांची आणि माझी, छोट्या खोलीत काका. काका नात्याचे नव्हेत. मिरजेचे, बायको-मुलगी तिकडे आणि हे इकडे. दुबईतल्या अल क्वोज भागातल्या एका स्टीलच्या वर्कशॉपमध्ये ते ड्राफ्ट्समन होते. जेवण आमच्यातच.

"बावीस वर्षं पत्र्याच्या शेडी काढल्या रे," ते म्हणायचे. "सरळ रेघ, काटकोन, खलास. वर्तुळ काढलं असेल तर ते बोल्टाच्या भोकाचं."

मी दुबईतल्या एका कॉलेजात सिव्हिल इंजिनिअरिंग करत होतो. पहिल्या वर्षी ड्रॉइंगमध्ये माझी धूळधाण उडाली, तेव्हा काकांनी मला हाताशी धरलं. कंपनीच्या बसने दीड तास कुचंबत यायचे, हातपाय धुवायचे आणि चहा घेऊन माझ्या बोर्डाशी बसायचे. रेघ ओढताना पेन्सिल बोटांत हळूहळू फिरवायची, म्हणजे टोक एका बाजूने झिजत नाही आणि रेघेची जाडी शेवटपर्यंत तीच राहते, हे त्यांनीच शिकवलं. मी पास झालो तो त्या माणसामुळे. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं हे माहीत असताना केलेलं आहे.

काकांना एकच नाद होता. फ्लॉरेन्सच्या मोठ्या चर्चचा घुमट. रद्दीत मिळालेल्या एका जाड पुस्तकावरून ते त्याचा उभा छेद काढत होते, मोठ्या ट्रेसिंग पेपरवर, शुक्रवारच्या सुट्टीत, कित्येक वर्षं. विटा, फासळ्या, वरचा मनोरा, सगळं शाईने पक्कं केलेलं. फक्त एक जागा कोरी होती. त्या घुमटाला आत एक आणि बाहेर एक अशा दोन भिंती आहेत, आणि वर जाणारा जिना त्या दोहोंच्या मधून जातो. पुस्तकात तो जिना नीट दाखवला नव्हता.

त्या वर्षी त्यांच्या ऑफिसात कॉम्प्युटर आले आणि एप्रिलअखेर काकांचा व्हिसा कॅन्सल होणार असं ठरलं. कायमचं मिरजेला. नेमकं त्याच सुमारास आमच्या वर्गाची इटलीची सहल निघाली. आठ दिवस, त्यातला एक दिवस फ्लॉरेन्स.

"तुम्हीच चला ना काका," मी म्हणालो.

"माझा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात आहे, इंजिनिअरसाहेब. कपाटातून निघाला की थेट मिरज." मग त्यांनी छत्तीस फोटोंचा नवा कोरा रोल माझ्या हातावर ठेवला. "हा त्या एका दिवसाचा. चारशे त्रेसष्ट पायऱ्या आहेत. मधे एक जागा येते, तिथे बाहेरची भिंत अंगावर येते म्हणतात. ती किती येते, तेवढं मला सांग. डोकं वाकवावं लागतं की नुसता खांदा काढून घ्यावा लागतो? बाकी तू काय हवं ते बघ."

मी हो म्हणालो, आणि ते अगदी मनापासून.

फ्लॉरेन्सला बसमधून उतरलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. सरांनी चार तास मोकळे दिले. घुमटाची रांग चर्चच्या कडेने वळून मागच्या बाजूला गेली होती. मी रांगेत उभा राहिलो. शेजारीच टांग्यांचा तळ. घोड्यांच्या मुताचा ओघळ फरसबंदीच्या फटींतून आमच्या पायांपर्यंत येत होता. वरून कबुतरं. वीस मिनिटांत रांग हातभर सरकली असेल.

वर्गातले तिघे जण आले. एकाच्या वडिलांचा कॉन्ट्रॅक्टिंगचा मोठा धंदा होता, त्याच्या गाडीतून आम्ही कॉलेजला जायचो. म्हणजे ते मला नेत असत, आणि मी त्यांच्या विनोदांना हसत असे.

"अबे, चार सौ सीढ़ी? पागल है क्या?" तो म्हणाला.

"एका काकांना सांगायचंय," मी म्हटलं.

"कौन, वो तेरा शेअरिंगवाला अंकल? उसको बोल, लिफ्ट बंद थी." सगळे हसले. "यल्ला, चल. इधर खड़े-खड़े तू भी पुतला बन जाएगा."

मी रांगेतून बाहेर पडलो. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की गर्दी होती, वेळ कमी होता, पाय दुखत होते. त्यातलं काहीच खरं नाही. मला त्यांच्यात असायचं होतं, एवढंच.

त्यांच्यापैकी एकाने अर्धं खाल्लेलं पिस्त्याचं आइस्क्रीम चर्चच्या भिंतीला पुसलं. पांढरा आणि हिरवा संगमरवर, शेकडो वर्षांचा, आणि त्याच्यावरून तो हिरवा चिकट ओघळ खाली येत राहिला. "मॅचिंग!" तो म्हणाला. मी हसलो. एक म्हातारी बाई जाता जाता थांबली, आमच्याकडे पाहिलं, आपला रुमाल काढला आणि भिंत पुसू लागली. मग आम्ही आणखी हसलो.

पुढच्या चौकात उघडे पुतळे होते. मोठमोठे, नग्न, कुणी दगडाचे, कुणी धातूचे. तिथे आमचा खरा खेळ सुरू झाला. एकाने दूर उभं राहून दोन बोटांची चिमूट धरायची आणि दुसऱ्याने कॅमेरा असा लावायचा, की त्याने पुतळ्याचा तो अवयवच चिमटीत धरलाय असं दिसावं. स्त्रीचा पुतळा असेल तर काय करायचं ते लिहवत नाही. कॅमेरा माझा होता, रोल काकांचा. दोन फोटोंत मी स्वतः आहे, जीभ बाहेर काढलेला. शाळेतल्या मुलींचा एक गट तिथे वह्या घेऊन त्याच पुतळ्यांची चित्रं काढत बसला होता. त्या आमच्याकडे बघून उठून गेल्या. अकरा वेळा मी ते बटण दाबलं किंवा दाबायला दिलं.

दुपारी बसकडे परतताना मला तो जिना आठवला. तेव्हाही रांग होती. मी दुकानातून घुमटाच्या आतल्या रंगीत छताचं एक पोस्टकार्ड घेतलं. हॉटेलवर ते पलंगावर ठेवलं आणि वरून त्याचा फोटो काढला, नीट, चौकट भरेल असा. मला ती मोठी हुशारी वाटली.

शारजाला परतल्यावर रोल आमच्या गल्लीतल्या स्टुडिओत दिला. दोन दिवसांनी घ्यायला गेलो तर स्टुडिओवाल्याने पाकीट काउंटरवर ठेवलं पण हात त्याच्यावरच राहू दिला.

"ग्यारह फोटो नहीं बनाया," तो हलक्या आवाजात म्हणाला. "ये शारजा है, हबीबी. ऐसा फोटो मेरी मशीन में बनेगा तो मेरा दुकान खलास." आणि मग, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत, "घर में माँ-बाप है ना?"

मला लाज वाटायला हवी होती. मला सुटल्यासारखं वाटलं. फाडायचे फोटो मुळात छापलेच गेले नव्हते.

त्या संध्याकाळी चहाबरोबर फोटो सगळ्यांच्या हातांतून फिरले. "बघा, आमच्या चिरंजीवांनी इटली पालथी घातली," बाबा म्हणाले. काकांनी ते पोस्टकार्डाचं छत उचललं आणि बराच वेळ पाहत राहिले. मग आत जाऊन त्यांनी ट्रेसिंग पेपर आणला आणि डायनिंग टेबलावर पसरला. आईने कप बाजूला घेतले.

"हं. आता सांग. भिंत अंगावर कुठे येते?"

"अर्ध्याच्या थोडं वर," मी म्हणालो.

"डोकं की खांदा?"

"डोकं. चांगलंच वाकवावं लागतं, काका. डावीकडे."

मी मान वाकवून दाखवली. काकांनी पेन्सिल बोटांत हळूहळू फिरवत त्या कोऱ्या जागेत दोन रेघा ओढल्या. एकदा मधे थांबून ते स्वतःच खुर्चीवरून उठले, मान डावीकडे वाकवली आणि हॉलमध्ये दोन पावलं चालले. आई हसायला लागली. "काय हे भावजी!" ते म्हणाले, "वहिनी, मी आता घुमटात आहे, बोलू नका." दुसऱ्या दिवशी कामावरून येऊन त्यांनी तो जिना शाईने पक्का केला.

शुक्रवारी जेवताना ते बाबांना म्हणाले, "तो छताचा फोटो मोठा करून नेतो. मिरजेला पुढच्या खोलीत लावीन. त्याची निगेटिव्ह लागेल."

"अहो, आख्खं पाकीटच घ्या की," बाबा म्हणाले आणि टीव्हीवरचं पाकीट उचलून त्यांच्या हातात दिलं. छापलेले फोटो काढून निगेटिव्हच्या सगळ्या पट्ट्या त्याच पाकिटात ठेवायच्या, ही आमच्या घरची पद्धत. त्या अकरा फोटोंच्या चौकटी कापून टाकायचं मला सुचलंही नव्हतं.

आईबाबा दुपारी झोपले. तासाभराने काकांनी मला हाक मारली.

ते खिडकीपाशी उभे होते. पट्टी त्यांनी उजेडासमोर धरली होती. बावीस वर्षं ट्रेसिंग मागून-पुढून वाचलेला माणूस तो, उलटं चित्र वाचायला त्याला काय लागतं. काळ्याचं पांढरं झालेल्या त्या इवल्याशा चौकटींत पुतळे होते, चिमटी होत्या, माझी जीभ होती. ती पट्टी त्यांनी टेबलावर पालथी ठेवली आणि दुसरी उचलली.

"या छताला चादर आहे," ते म्हणाले. "छापताना कड कापली जाते. इथे दिसते."

मी पाहिलं. पोस्टकार्डाच्या कडेला हॉटेलच्या पलंगाची चौकडीची चादर होती आणि खाली माझा अंगठा.

"बाळा," ते म्हणाले. एरवी ते मला इंजिनिअरसाहेबच म्हणायचे. "फोटोचं सोड. रोल संपला असेल. चढला होतास ना?"

अजून वाटतं, त्यांनी दार उघडून धरलं होतं. नाही म्हणालो असतो तर ते रागावले असते, कदाचित तासभर. आणि कागदावरची ती जागा त्यांनी स्वतःच पुसली असती, माझ्याशी बोलत बोलत.

"हो काका," मी म्हणालो. "चढलो होतो."

"डोकं?"

"डोकं."

त्यांनी मान हलवली. कागद बोर्डावर चिकटपट्टीने लावला. ड्रॉवरमधून अर्धं तोडलेलं दाढीचं ब्लेड काढलं. शाईची रेघ खोडरबराने जात नाही, ती ब्लेडने खरवडावी लागते, अगदी हलक्या हाताने, नाहीतर कागद फाटतो. हेही त्यांनीच मला शिकवलं होतं. ते वाकले आणि जिना खरवडू लागले. एक रेघ, मग दुसरी. खर्र, खर्र, असा बारीक आवाज. मधे मधे फुंकर मारून ते काळी भुकटी उडवत होते.

मी तिथेच उभा होतो. जागा पुन्हा कोरी झाली तेव्हा त्यांनी तिच्यावरून तळहात फिरवला.

"आई झोपलीय," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "जाताना दार हळू लाव."