सासूबाई मागे बसल्या

गेल्या वर्षी वारलेल्या आमच्या सासूबाई सुपरहिरोचा सिनेमा चपला काढून बघत. गुजरातेत लिंबायतच्या आमच्या गल्लीतल्या बायका मॉलमध्ये देवाचा सिनेमा बघायला गेल्या आणि चुकून भलत्याच पडद्यासमोर जाऊन बसल्या. तिथे मुखवटा घातलेला माणूस हिंदीत बोलत हवेत उडत होता. बाकीच्या उठून गेल्या, सासूबाई बसून राहिल्या. पुढच्या आठवड्यात त्याच सिनेमाला त्यांनी मला ओढून नेलं आणि दाराशी चपला काढल्या. तिकीट बघणारा माणूस माझ्याकडे बघायला लागला.

"आई, हा देव नाहीये," मी कुजबुजले.

"माले मालूम शे," त्या म्हणाल्या. "देवले कसानं भ्याव? ह्याले भ्याव लागस, तरी बी जास. त्यानापुढे चप्पल घालीसन कसं बसानं?"

माझं माहेर परभणीचं. सासरची अहिराणी मी लग्नानंतर शिकले, बहुधा त्यांच्याशी वाद घालता यावा म्हणूनच. पण वादात त्या मला कधी जिंकू देत नसत.

त्याच सुमारास मला शहरातल्याच, पण लांबच्या कतारगामच्या एका शाळेत नोकरी लागली. शाळा सकाळची, रिक्षा बदलत वेळेवर पोचणं अशक्य, आणि नवरा कापडाच्या लूमवर रात्रपाळीला. घरात मोपेड होती, पण एकदा चौकात ट्रकसमोर पडल्यापासून मी तिला हात लावला नव्हता. नोकरी नको म्हणून कळवते, असं मी म्हणाले आणि सासूबाईंना विषय मिळाला. पोळी लाटताना तेच, कपडे वाळत घालताना तेच. "तो भ्यास, तरी जास." भाजीवाल्या गुजराती बाईलाही त्यांनी सांगून टाकलं, "मारी वहु बीवे छे, पण जशे." सून भित्री आहे, पण जाणार आहे, हे त्या दिवशी सगळ्या गल्लीला कळलं.

एका सकाळी, नवरा घरी यायच्या आत, त्या पदर खोचून मोपेडच्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या.

"चाल. मी शे ना मांगे."

मग रोज तेच सुरू झालं. मागून सूचनांचा नुसता भडिमार. "हॉर्न वाजाड." "म्होरे गाय शे." "दखीसन चालाड." शेवटी वैतागून मी गाडी कडेला घेतली. "मागे बसून बोलायला तुमचं काय जातंय? हँडल माझ्या हातात आहे." त्यांनी पदर पुन्हा घट्ट खोचला. मग म्हणाल्या, "आते चाल."

नोकरीच्या पहिल्या दिवशी त्या थेट शाळेपर्यंत आल्या. उड्डाणपुलावर त्यांनी माझा ड्रेस कमरेला असा काही घट्ट धरला की उतरून बघते तो शिवण उसवलेली. नवा ड्रेस, पहिला दिवस, आणि मी कमरेला ओढणी गुंडाळून वर्गात गेले. सासूबाई निवांत रिक्षा करून घरी गेल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

संध्याकाळी तो ड्रेस मी नवऱ्यापुढे टाकला. "तुमच्या आईला गाडीवर नीट बसताही येत नाही."

तो बघतच राहिला. "आई गाडीवर बसली?"

मी गाडी शिकतेय एवढंच मी त्याला सांगितलं होतं. सासरे स्कूटरच्या अपघातात गेले हे मलाही माहीत होतं. पण तेव्हा मागे सासूबाई बसल्या होत्या, हे त्याने त्या संध्याकाळी सांगितलं. त्यानंतर त्या दुचाकीवर कधी बसल्याच नव्हत्या. कोणी फार आग्रह केला तर चालत जायच्या.

मी तशीच स्वयंपाकघरात गेले. त्या कोथिंबीर निवडत होत्या.

"मला सांगायचं तरी होतं. एवढी भीती वाटत होती तर बसलात कशाला?" माझा आवाज चढलाच.

त्यांनी मान वर केली नाही. "तू एकली जाती, ते घरमा बशीसन माले जास्ती भ्याव लागतं." एक जुडी संपवून त्यांनी दुसरी ओढली. "आन तो ड्रेस आठे. टाका मारी देस."

मला रडू येत होतं आणि रागही येत होता. त्यांनी तीनदा दोरा ओवून बघितला, तिन्ही वेळा तो सुईच्या बाजूनेच गेला. सुई मलाच ओवून द्यावी लागली.