तळघरातला पंखा

तिला सगळे भोंगा म्हणत. बाप यंत्रमागावर काम करून बहिरा झालेला, त्यामुळे घरात जो तो ओरडूनच बोलायचा. साधं "आले गं" म्हणाली तरी पलीकडच्या गल्लीतून कुणीतरी ओ द्यायचं. असल्या बाईला नोकरी लागली ती मौनाच्या जागी.

गावाबाहेरचा जुना दगडी बंगला कुणीतरी विकत घेऊन नव्यासारखा केला होता. शहरातली दमलेली माणसं तिथे आठवडाभर येऊन राहत, तेल चोळून घेत, वाफ घेत आणि दिवाणखान्यात डोळे मिटून गप्प बसत. त्यांच्या चादरी, टॉवेल, पांढरे झगे धुऊन इस्त्री करायचं काम तळघरात चाले. तिथे भोंगा आणि तिची थोरली जाऊ अशा दोघीच. वीस वर्षांत दोघींचं एकाही गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. चादरीची घडी आधी लांबीत घालायची की रुंदीत, यावरूनसुद्धा रोज जुंपायची.

तळघराला खिडकी नव्हती. इस्त्रीची वाफ बाहेर ओढणारा एक मोठा पंखा होता, तेवढाच. एक दिवस मॅनेजरबाई खाली आल्या. नाजूक आवाज, हात छातीवर.

"पंख्याची घरघर वर ऐकू येते. पाहुण्यांचं ध्यान मोडतं. दहा ते बारा तो बंद ठेवाल ना?"

"मग इस्त्रीपण बंद ठेवतो," भोंगा म्हणाली.

"चादरी तर दुपारपर्यंत हव्यात. उकडलं तर श्वासावर लक्ष द्या. दीर्घ श्वास. खूप फरक पडतो."

"कसला श्वास? वाफेचा?"

जावेने तिला कोपराने ढोसलं. मॅनेजरबाई हसल्या, स्वतःच्या हाताने बटण बंद केलं आणि त्यावर चिकटपट्टी लावून गेल्या.

पंधरा दिवस दोघी शिजत राहिल्या. वर माणसं हौसेने घाम काढत होती, खाली या दोघी फुकट काढत होत्या. भोंगाने तीनदा चिकटपट्टी काढली, तिन्ही वेळा कुणीतरी ती परत लावली. तक्रार लिहून दिली, तर तिचं पुढे काय झालं ते कुणी सांगेना. "जाऊ दे गं," जाऊ म्हणायची, "नोकरी जाईल." तेवढ्यानेच भोंगाचं डोकं फिरायचं. हिलाच चक्कर येते आणि हीच म्हणते जाऊ दे!

सोळाव्या दिवशी जाऊ बोलता बोलता थांबली. इस्त्री हातातून सुटली आणि ती चादरींच्या ढिगावर कोसळली. भोंगाने हाका मारल्या, तोंडावर पाणी मारलं, पण डोळे उघडेनात. मोबाइल फाटकावर जमा केलेले. मग ती जी पळत सुटली ती थेट दिवाणखान्यात. तीस माणसं डोळे मिटून बसलेली.

"माझी जाऊ मरतेय खाली! डॉक्टर आहे का कुणी? का सगळे नुसतेच बसलेत?"

काचा थरथरल्या म्हणतात. मॅनेजरबाई ओठांवर बोट ठेवून पुढे आल्या. भोंगाने तो हात झटकून टाकला. तेवढ्यात मागच्या रांगेतली पिकल्या केसांची एक बाई उठली. "मी डॉक्टर आहे, चला." तळघराच्या दारातच ती थबकली. "इथे माणसं काम करतात?" तिने विचारलं आणि आधी पंखा चालू केला.

जाऊ वाचली. दोन दिवस इस्पितळात होती. मॅनेजरबाईंनी भोंगाला कागद पुढे केला: शांतता भंग केल्याबद्दल माफी मागावी.

"शांतता?" भोंगा म्हणाली. "बाई बेशुद्ध पडली तेव्हा फार शांत होतं खाली. तसलं हवं होतं का तुम्हाला?"

तिने कागदाचे चार तुकडे केले आणि टेबलावर ठेवले. नोकरी गेली. त्या डॉक्टरीणबाईंनी मालकाला चांगलं खरमरीत पत्र लिहिलं, तेव्हा पंख्यावरची पट्टी कायमची निघाली. भोंगाला मात्र कुणी परत बोलावलं नाही. महिन्याभराने तिला इस्पितळाच्या धुलाईघरात काम मिळालं.

आणि जाऊ? ती पुन्हा त्याच तळघरात जायला लागली. कामावर जाण्याच्या आदल्या दिवशी ती भोंगाकडे आली आणि दारातच रडायला लागली.

"माझ्यामुळे तुझी नोकरी गेली गं."

"तुमच्यामुळे काय म्हणून? त्या बाईमुळे गेली!" भोंगा कडाडली. "आणि तुम्ही तिच्याकडेच परत चाललात, जाऊबाई! बसा आता. रडू नका, मला आणखी राग येतो."