दारातली फक्कीची रेघ

आमच्या दारात भित हुती तवर कुणाची हद्द कुठं हाय ते कुणाला इचारायची पाळी आली न्हाय.

सासऱ्यांनी दोघा ल्योकांना घर वाटून दिलं ते तोंडानं. कागुद न्हाय, काय न्हाय. थोरल्याला, म्हंजे माझ्या मालकांना, उगवतीकडच्या दोन खोल्या. धाकट्याला मावळतीकडच्या दोन. आन् मधी अंगणात छातीएवढी पांढऱ्या मातीची भित. त्या भितीच्या हिकडं माझी चूल, तिकडं माझ्या जावंची. भितीवरनं भाकरीसंगं खायच्या कोरड्यासाची वाटी हिकडनं तिकडं जायाची, तिकडनं हिकडं यायची. भांडानबी भितीवरनंच व्हायचं. दोघी चवड्यावर उभं ऱ्हाऊन भांडायचो.

मग मालक गेले. फुडं दीर गेले. त्याच्या फुडं म्हापूर आला. आमाला शाळंत नेऊन ठेवलतं. परत आलो तर घरात गुडघाभर गाळ, आन् अंगणातली भित न्हाईच. ताकात मीठ इरगाळावं तशी इरगाळून गेलेली. खाली नुस्ता एक उंचवटा ऱ्हायला हुता, तोबी फावड्यानं गाळाबरुबर निघून गेला. मी म्हटलं, "परत घालूया की गं." जाऊ म्हणाली, "आक्का, आता कशाला भित? दोघीच तर हाय. एक आठवडा तू झाड, एक आठवडा मी झाडतो."

तसंच चाललं. अंगण एक झालं. शेवग्याचं झाड हाय दारात, त्याचा पाला रोज पडतोय. ज्या आठवड्याला जिची पाळी तिनं सगळं झाडायचं, सडा टाकायचा. हद्द आमच्या दोघींच्या डोळ्यांत हुती. शेवग्याच्या बुडापास्नं रस्त्याकडंच्या गटारीपतोर सरळ.

मग एक दिस कचऱ्याच्या गाडीवरच्या कर्ण्यातनं दवंडी आली. गावठाणाची मोजणी हाय, आकाशातनं उडतं यंतर येऊन फोटू काढणार, परत्येकानं आपापल्या घराची हद्द फक्कीनं मारून घ्यावी. फक्की म्हंजे ती पांढरी पूड, कबड्डीच्या मैदानाला मारत्यात ती. दुपारी पंचायतीचा शिपाई बादली घेऊन आला. संगं मोजणीचा मानूस. मी आन् जाऊ दोघी उभ्या ऱ्हायलो आन् दाखीवलं, हितनं हितपतोर. शिपायानं मुठीनं फक्की सोडत रेघ मारली. मोजणीवाल्यानं वहीत कायतरी लिवलं आन् म्हणाला, "मावशी, उद्या सकाळी येतोय आमी."

मला वाटलं, वहीत लिवलं, काम झालं. उद्या येणार ते पावणं म्हणून येणार.

त्या आठवड्याला झाडायची पाळी जावंची हुती. पर तिचं गुडघं आखडलेलं, हातरुणातनं उठता येईना. मी पाटंचं उठलो. म्हटलं, सायेब लोक येणार, दार कसं दिसंल? शेण कालवलं जरा दाट, आन् सगळं अंगण सारवून काढलं. गटारीपास्नं उंबऱ्यापतोर. रोजच्यापरास चांगलं सारवलं. अंधार हुता, रेघ दिसली का न्हाय ते आता सांगता येत न्हाय. दिसली असंल तरीबी मी सारवलंच असतं. एकदा लिवून झालेली रेघ ठेवून काय करायची हुती?

सकाळी ते यंतर आलं. घुंघूं करत गावावरनं फिराय लागलं. आमच्याकडं बायकांच्या न्हाण्या उघड्या, वर छप्पर न्हाय. फुडल्या आळीतली एकजण डोस्क्यावर पाणी घेत हुती ती तशीच वराडली, "आगं, वरनं कोण बगालंय गं!" आन् परात डोस्क्यावर धरून आत पळाली. सगळी आळी हसली. मीबी हसलो. माझ्या सारवलेल्या अंगणावरनं ते यंतर दोनदा गेलं. मी वर बघून हात जोडलं.

आता हे आठवलं की मलाच माझं कसंतरी वाटतंय.

लई महिन्यांनी पंचायतीच्या फळ्यावर यादी लागली. मला वाचाय येत न्हाय. माझी सही तेवढी येती, साक्षरतेच्या वर्गात शिकलेली. शिपायाला म्हटलं, "बाबा, माझं नाव बघ की." त्यानं बोट फिरवत फिरवत खालपतोर नेलं, परत वर आणलं. म्हणाला, "मावशी, तुमचं न्हाई की हो हितं." माझ्या जावंच्या ल्योकाच्या नावावर एकच घर लागलंतं. चार खोल्या आन् सगळं अंगण. वरनं फोटूत अंगण एकसलग दिसलं, मधी रेघ न्हाई. पंचायतीच्या जुन्या वहीतबी सासऱ्याच्या नावानं एकच घर हुतं. चौकशीला मानूस आला तवा मी लेकीकडं गेलतो, आन् पुतण्यानं सांगिटलं, घर आमचंच, चुलती हाय आमच्यात.

चुलती हाय आमच्यात. खोटं तरी कसं म्हणायचं? पर त्याच्यात माझ्या दोन खोल्या गेल्या.

माझी एकुलती एक लेक जयसिंगपुराला दिल्याली. जावई गेल्यापास्नं ती तितं दिराच्या घरात एका खोलीत ऱ्हाती, कापडाच्या दुकानात कामाला जाती. तिला मी सांगितलंतं, माझ्यामागं त्या दोन खोल्या तुझ्या, कुणी काय म्हटलं तर हितं येऊन ऱ्हा. तेवढंच हुतं माझ्याजवळ तिला द्यायला. फोनवर तिला सांगिटलं. ती म्हणाली, "आये, तुला कुणी सांगिटलं हुतं गं सारवाय?"

मी म्हटलं, "कुणीबी न्हाई."

पुतण्याला इचारलं. तो दारात गाडी पुसत हुता. वर न बघता म्हणाला, "थोरली आय, तुला कोण घालवालंय का? मरस्तोवर ऱ्हा की. मला हितं स्लॅब टाकायचाय. तुलाबी एक खोली काढतो."

"एक खोली काढतो," ह्ये ऐकलं आन् मला कळलं, माझ्याच दारात मी पावणी झालो. मरस्तोवरची पावणी. आन् मी मेल्यावर लेकीला त्यो उंबरासुदिक ओळखणार न्हाय.

झेंड्याच्या दिवसाची ग्रामसभा मारुतीच्या देवळाफुडं भरली. पुरुष खुर्च्यांवर, आमी बायका मागं ताडपत्रीवर. पयल्यांदा गटारीचं झालं, मग दिव्याचं, मग पाण्याच्या मशिनीचं. मशीन बंद का, ह्याच्यावर लई वेळ बोलाचाली झाली. मग यादीचा विषय निघाला, कुणाची हरकत हाय का म्हणून. मी उठून उभी ऱ्हायलो. ग्रामसेवकाला आमी भाऊसाब म्हणतो. त्यांनी विचारलं, "बोला काकू."

मी सांगिटलं. जसं झालं तसं. फक्की मारली, आन् मी सारवलं.

फुडनं कोणतरी वराडलं, "काकू, सरकारवरच शेण फिरीवलासा की वो!"

सगळी सभा हसली. बायकाबी तोंडाला पदर लावून हसल्या. मी हसू थांबायची वाट बघत उभी ऱ्हायलो. बसलो असतो तर परत उठायला झालं नसतं. गुडघं माझंबी काय तरणं न्हाईत.

भाऊसाब म्हणालं, "हसण्यावारी नेऊ नका रं. काकू, तुमी लेखी हरकत द्या. जागेवर पाहणी हुईल. पर शिपायाचं सांगणं चालत न्हाय, शेजारच्यानं सांगाय पायजे की हद्द हितं हुती म्हणून. तुमच्या शेजारी कोण?"

"माझी जाऊ."

सगळ्यांनी वळून बघितलं. जाऊ माझ्यापास्नं चार बायका सोडून बसल्याली. भाऊसाबांनी तिला विचारलं, "मावशी, रेघ मारली तवा तुमी हुतासा?"

तिनं फुडं बघितलं. फुडं खुर्चीवर तिचा ल्योक बसला हुता, तिच्याकडं पाठ करून. त्यानं मान वळवली न्हाई. तिनं ताडपत्रीचा दोरा उपसत उपसत म्हटलं, "मला काय म्हाईत न्हाई. मला त्या दिशी बरं न्हवतं."

ह्येबी खोटं न्हवतं. त्या दिशी तिला बरं न्हवतंच. पर आदल्या दुपारी ती माझ्या खांद्याला धरून उभी हुती, आन् "हितनं, हितनं" म्हणून शिपायाला हात करत हुती.

मी खाली बसलो. घरी येताना आमी दोघी एकाच वाटंनं आलो. ती फुडं, मी मागं. चालताना ती लंगडत हुती. मी हाक मारली न्हाय.

दुसऱ्या दिवसापास्नं मी पाळी मोडली. माझ्यापुरतं झाडायचं ठरवलं. शेवग्याच्या बुडापास्नं गटारीपतोर आलो की केरसुणी ठेवायची. सडाबी तितंच थांबवायचा. पाला पडू दे, वारं येऊ दे, पल्याड हात लावायचा न्हाय. पयल्या दिशी पल्याड पाला तसाच ऱ्हायला. दुसऱ्या दिशी जावंनं झाडला. आमी एकमेकींशी बोलत न्हवतो. ती झाडाय आली की मी आत जायाची. तिनं कुठपतोर झाडलं ते मी कधी बघितलं न्हाई. बघायचं मनातच आणलं न्हाई.

पाहणीला मोजणीचा सायेब आला तवा ऊन चढलंतं. संगं भाऊसाब. मी चांगलं लुगडं नेसून, सही केलेला अर्ज पिशवीत घालून उंबऱ्यात बसल्याली. गडबडीत माझ्या बाजूचं अंगण झाडायचं ऱ्हायलंतं. पुतण्यानं पल्याडच्या अंगाला खुर्च्या टाकल्या आन् आईला म्हणाला, "आये, पाला बघ किती पडलाय. जरा झाड की, लोकं आल्यात."

जाऊ केरसुणी घेऊन आली. वाकाय येत न्हाय तिला, एक हात गुडघ्यावर ठेवून झाडती. तिच्या उंबऱ्यापास्नं झाडत झाडत आली. पुतण्या सायबाला दाखवत हुता, ह्ये सगळं आमचंच, वडलोपार्जित, मधी कवाच काय न्हवतं. सायेब कागुद बघत मान हलवत हुता. अर्ज पिशवीतनं काढावा का न्हाय, कुणाला द्यावा, कायबी सुचंना.

जाऊ शेवग्यापतोर आली आन् थांबली. गोळा केलेला पाला तितंच ठेवून माघारी वळली.

पुतण्या म्हणाला, "आये, ह्ये बी झाड की. अर्धंच का ठेवलंस?"

ती सवयीनं म्हणाली, "त्येच्या फुडं आक्काचं हाय. तिच्या दाराला मी कशाला हात लावू?"

बोलून गेली, आन् मग तिला कळलं. तिनं ल्योकाकडं बघितलं. त्यो तांबडालाल झाला हुता. सायबानं कागदातनं डोस्कं वर काढलं.

"कुठनं फुडं, मावशी?"

तिनं केरसुणीचं बूड हातात घट्ट धरलेलं.

"सांगा की. कुठनं फुडं?"

पुतण्या म्हणाला, "सायेब, तिचं वय झालंय, तिला काय कळतंय..."

तवा ती वाकली. केरसुणी उलटी धरली आन् बुडानं मातीत रेघ वडत निघाली. शेवग्यापास्नं गटारीपतोर. गुडघा धरून, मधी दोनदा थांबून. रेघ सरळ आली. शिपायानं फक्की मारल्याली तितंच आली, चार बोटंसुदिक हिकडंतिकडं न्हाई. सायबानं टेप लावून मापं घेतली. कागदावर लिवलं. जावंचा अंगठा घेतला, माझी सही घेतली. नावाचं शेवटचं अक्षर रेघंच्या बाहीर गेलं. सायेब म्हणाला, चालतंय.

पुतण्याच्या घरातनं आलेला चा कुणीच घेतला न्हाई.

त्याला आता पुष्कळ दिस झालं. माझ्या नावाचं घराचं दुरुस्त कार्ड अजून आलेलं न्हाय. भाऊसाबांची बदली झाली. नवीन आल्यात ते म्हणत्यात, वर गेलंय, येईल. मी महिन्याला एकदा जाऊन इचारून येतो. लेक फोनवर इचारती, "आलं का गं?" मी म्हणतो, "येईल." 

पुतण्या आईशी बोलत न्हाय. तिची ताटली दारात ठेवत्यात, ती दारातच बसून खाती. त्यानं दुसरा एक कागुद करून आणलाय. माझं बोलणं चुकलं, मला आठवत न्हाय, असं त्याच्यात लिवलंय म्हणं. त्याच्यावर तिचा अंगठा पायजे. अजून तिनं दिलेला न्हाय. शिपायानं मला सांगिटलं.

एकदा मी वाटी भरून कोरड्यास घेऊन गेलो. भित न्हाय, म्हणून रेघंपतोर जाऊन उभी ऱ्हायलो. ती म्हणाली, "नगं आक्का. त्यो बघंल." वाटी घेऊन मी माघारी आलो.

तिनं उद्या अंगठा दिला तर मी तिला काय म्हणणार न्हाय. तिला त्याच घरात खायाचंय, त्याच्याच हातनं दवाखान्याला जायाचंय. माझं एकदा केलं तिनं, सगळ्यांदेखत केलं. रोज कोण करंल?

सकाळी माझी केरसुणी वाजती, मग थोड्या वेळानं तिची. मी रेघंच्या अल्याड थांबतो, ती पल्याड. दोघीबी जरा अंतर ठेवतो, चुकून लागू नये म्हणून. त्या मधल्या पट्टीला आता कुणाचीच केरसुणी लागत न्हाय, सडाबी पडत न्हाय. तितं हराळी आल्या, हिरवीगार, शेवग्यापास्नं गटारीपतोर. परवा पुतण्याची गाडी त्याच्यावरनं गेली. हराळी दबली, आन् दोन दिसांत परत उभी ऱ्हायली.

मी ती उपटत न्हाय. मोजणीवालं परत आलं तर त्यांना वरनं दिसंल.