कॉन्स्टँटिनोपलचा दिवाण आणि आमचं साटं

माझा थोरला भाऊ धुळ्याला शिकायचा. सुट्टीत आला की इतिहासाच्या जाड इंग्रजी पुस्तकातलं आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, मराठीत सांगायचा. आबांना त्यातला कॉन्स्टँटिनोपलचा एक दिवाण फार आवडला. भारी हुशार माणूस! बादशहाच्या पुतण्याला पोरगी देऊन दरबार मुठीत ठेवला त्याने. पुढे बादशहाची गादी गेली, दिवाणाचं घरदार लुटलं गेलं, म्हातारा मठात जाऊन मेला. "मग त्याच्या पोरीचं काय झालं?" मी विचारलं. भाऊ म्हणाला, "ते काही दिलं नाही."

आबांनी त्यातलं पोरगी देणं तेवढं उचललं! त्यांना लोकल बोर्डात जायचं होतं, त्यासाठी ब्राह्मणपुरीच्या एका बड्या शेतकऱ्याचा आधार हवा होता. झालं, साटं ठरलं. मी त्यांच्या मुलाला, त्यांची मुलगी माझ्या भावाला. आबा निवडून आले. आणि खरं सांगते, मी सुखात होते. नवरा गरीब स्वभावाचा, सासू मायाळू.

इकडे आमचे भाऊराया वकील व्हायला निघालेले. अडाणी बायको शोभत नाही म्हणून तिला माहेरी धाडून मोकळे! आबांनी परोपरीने समजावलं, पण ऐकतो कोण? सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, ते ओलं मी.

साट्यात एक लेक परत आली की दुसरीनेही जायचं. सासऱ्यांनी एक पावसाळा वाट पाहिली, मग गाडी जुंपली. डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बेटा, तुन्हा काही गुन्हा नही. पण मन्ही पोर घरमा बठेल शे, लोक मन्हा तोंडवर थुंकतीन." नणंद माझा पदर धरून रडत होती, "मन्हामुळे इले कसाले धाडतस?" नवरा गोठ्यात जाऊन उभा राहिला तो बाहेर आलाच नाही. त्याचा राग यावा, तर मेला तोही येईना.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गल्लीतल्या लेकी माहेरी आल्या. झोक्यावर एकीने चिडवलं, "तू तं आमन्हा पहिलेच उनी!" मी सगळ्यांच्या आधी का आले, बिचारीला काही ठाऊक नव्हतं. सण सरला, एकेकीला न्यायला सासरची गाडी येऊ लागली. आबा ओट्यावर बसलेले. सगळ्या तालुक्याची भांडणं मिटवणारा माणूस, पण बैलांच्या घुंगरांचा आवाज आला की उठून रस्त्याकडे बघायचा आणि पुन्हा बसायचा.

शेवटची गाडीही गेली. मी म्हटलं, "आबा, घरमा चाला आते."

"तू जाय," ते म्हणाले. "मी बसस जरासा."