पंधरा सरदार आणि महेश्वर

शरणम्मानं आयुष्यात दोनच कामं जीव लावून केली. एक संसार, आणि दुसरं, संक्रांतीच्या यात्रेत सिद्धेश्वराचा नंदीध्वज पेलणाऱ्यांची पांढरी बाराबंदी शिवणं. ध्वज पेलायचा मान तिच्या नवऱ्याचा. तो वारला आणि मान धाकट्या दिराकडे, महेश्वरकडे आला. मान घरात टिकावा, एवढंच तिचं देवाकडे मागणं.

महेश्वरला मात्र मिरवायची खाज. यंदा त्यानं इंटरनेटवर अर्ज भरला आणि परदेशातल्या कुठल्याशा संस्थेनं त्याला सरदार केलं. आठशे वर्षांपूर्वी पोलंडात, दोब्रझिनला, एका बिशपनं कॅथलिक सरदारांचा संघ काढला होता म्हणे, त्याच्या नावानं हा सरदार.

"वहिनी, पांढरा झगा शिवून द्या की. वर लाल तलवार आन् तारा."

"किती सरदार हुते?"

"सुरवातीला पंधरा."

"टिकले किती वर्सं?"

"वीसेक. मग दुसऱ्या मोठ्या संघात गेले."

"आमचं भजनी मंडळ तीस वर्सं चाललंय, भावजी. आन् हे लढत कुणाशी हुते?"

"ख्रिस्ताला न मानणाऱ्यांशी."

शरणम्मानं त्याच्या गळ्यातल्या इष्टलिंगाकडे बघितलं. "म्हंजी तुमच्याशीच की."

देवापायी लढलेल्या त्या सरदारांना ती नावं ठेवणार नव्हती. त्यांचा देव त्यांच्यापाशी. पण हा बाबा ना तिकडचा ना इकडचा. तिनं झगा शिवला नाही. त्यानं गणवेशाच्या दुकानातून शिवून घेतला.

रविवारी सकाळी सरावाला तो बाराबंदीवर झगा चढवूनच आला. सराव घेणारे महादेवप्पा म्हणाले, "हे काडून ठिव."

"मानाचं हाय, काका."

त्यानं ध्वज उचलला. कमरेच्या पट्ट्यात काठीचा बुडखा बसायच्या जागी झगा गोळा झाला, बुडखा सटकला आणि तीसेक फुटी काठी बायकांच्या घोळक्याकडे कलली. काठीला बांधलेला तोलाचा दोर धरलेल्या अमृतनं ती कशीबशी सावरली. मान त्याच्या घरचा नव्हता, म्हणून दहा वर्षं तो नुसता दोरच धरत होता.

महादेवप्पा घोळक्यात उभ्या शरणम्माकडे आले. "अक्का, मान तुमच्या घरचा. ध्वज कुणाला द्यायचा, तुमीच सांगा."

दिराचं नाव घेतलं असतं तर मान घरात राहिला असता.

"अमृतला द्या," ती म्हणाली. "मान आमच्यात ऱ्हाण्यापरीस ध्वज उभा ऱ्हाऊ दे."

महेश्वर झग्याची धूळ झटकत शेजारच्याला विचारत होता, फोटो नीट आला का म्हणून.