मोटेच्या सोंडेचा पट्टा

दुसरी मोठी लढाई संपल्यावर फौजेतला माझा धाकटा भाऊ पहिल्यांदा सुट्टीवर आला, तेव्हा त्यानं माझ्यासाठी मनगटी घड्याळ आणलं. पुरुषी घडणीचं, जाड काचेचं, काळ्या तबकडीवर पांढरे आकडे. "अक्का, तुला नाडी मोजावी लागते. सेकंदाचा काटा बघ कसा पळतोय," म्हणाला आणि त्यानंच ते माझ्या हाताला बांधलं.

मी तेव्हा तिसगावच्या दवाखान्यात नर्स होते. नगरला शिक्षण झालं होतं, नोकरीत चांगली रुळले होते. बाईमाणसाच्या हाताला घड्याळ त्या भागात कुणी पाहिलं नव्हतं. बाजारात लोक माझ्या तोंडाकडे बघायच्या आधी मनगटाकडे बघत. मी पदर खाली ओढून ते कधी झाकलं नाही. घड्याळ कामाचं होतं आणि काम मला येत होतं.

घड्याळ पक्कं होतं, पट्टा मात्र टिकेना. आमचं काम पाण्यातलं. बाळंतपणाला गेलं की घड्याळ काढून समोरच्या खुंटीला पट्ट्यानं अडकवायचं, कोपरापर्यंत हात कार्बोलिकनं धुवायचे, काम उरकलं की ओल्या मनगटावरच ते परत बांधायचं. त्यात उन्हाळ्याचा घाम आणि बैलगाडीची धूळ. घड्याळाबरोबर आलेला तांबूस पट्टा एका उन्हाळ्यात कुजला. शेवगावच्या बाजारातून दुसरा आणला, त्याचा वरचा रंग आठवड्याभरात माझ्या मनगटावर उतरला आणि आतून भुसा दिसायला लागला.

हा दुसरा पट्टा तुटला तो दिवस मला नीट आठवतो. भर दुपारी एका वस्तीवरून गाडी आली. पहिलटकरीण अडली होती. वस्तीवर पोचल्यावर उतरताना हात गाडीच्या साटीला घासला आणि घड्याळ मातीत पडलं. उचलून कानाला लावलं तर चालू होतं. पण पट्ट्याचे दोन तुकडे झाले होते, आता ते खुंटीला अडकवणार कशानं?

घरात त्या मुलीची सासू होती. उंच, हाडापेरानं मजबूत, कुंकवाचं बोट रुंद. आत येणाऱ्या-जाणाऱ्यांना तीच हुकूम सोडत होती. मी तिच्या हातावर घड्याळ ठेवलं.

"हे माझ्या डोळ्यांसमोर धरा. हलवू नका."

तिनं हात मागं घेतला नाही, पण बोटं ताठ झाली. "ह्ये हालतंय की आतनं."

"हालू द्या. तुम्ही हलू नका."

मूल झालं. मुलगी. पण त्यानंतर रक्त जास्त जायला लागलं. माझा एक हात बाळंतिणीच्या पोटावर, दुसरा तिच्या नाडीवर आणि डोळे त्या सासूच्या तळहातावर. काटा फिरत होता आणि मी मोजत होते. म्हातारीनं तो हात किती वेळ तसाच धरला कोण जाणे. खांद्यापर्यंत कापायला लागला तेव्हा तिनं दुसऱ्या हातानं त्याला खालून टेकू दिला, पण घड्याळ ढळू दिलं नाही. हळूहळू नाडी भरून आली, रक्त थांबलं. मी "आता ठेवा" म्हटल्यावर तिनं घड्याळ पदराला पुसलं आणि मला दिलं.

"एवढं मोलाचं हाय, तर नीट दोरी बांधा की त्याला," ती म्हणाली. बोलणं रागाचं होतं, पण डोळ्यांत पाणी होतं.

पुढच्या आठवड्यात मी नगरला गेले आणि घड्याळाच्या दुकानात उभी राहिले. दुकानदारानं बायकांसाठी म्हणून नाजूक, चमकदार पट्टे पुढं मांडले. मी रुंद मागितले. तेही आले. एक उचलून मी दुमडला, तर दुमडीवर बारीक भेगा पडल्या. दुसरा दुमडला, तो टिकला. मग त्याच्याच पेल्यातल्या पाण्यात रुमाल भिजवला आणि पट्ट्याची आतली बाजू घासली. रुमाल तपकिरी झाला.

"बाई, पट्टा काय धुवायला न्यायचाय?" दुकानदार म्हणाला.

"हो. रोज."

"मग असला पट्टा कुठंच मिळायचा नाही."

त्याचं म्हणणं खरं होतं. पण मला पट्टा हवा होता. मी रिकाम्या हातानं परत आले आणि घड्याळ पोलक्याच्या खिशात ठेवायला लागले.

त्या बाळंतिणीला बघायला वस्तीवर पुन्हा जाणं झालं. पोर अंगावर पीत होती, आई ठणठणीत होती. बाहेर विहिरीवर त्या तान्ह्या मुलीचा बाप मोट हाकत होता. नवी लोखंडी मोट बसवली होती, पण तिची सोंड चामड्याचीच होती. मी विहिरीच्या कडेला उभी राहून बघत राहिले. मोट वर येई, पोटाशी दुमडलेली सोंड सैल सुटून सरळ होई, पाणी धो धो ओतलं जाई, आणि मोट खाली गेली की सोंड परत दुमडली जाई. दिवसभर पाणी, ऊन आणि वाकणं. माझ्या मनगटावर तरी पट्ट्याला दुसरं काय सोसायचं होतं?

गोठ्याच्या भिंतीला जुनी, सगळी चामड्याची मोट टांगलेली होती. मी तिची सोंड हातात घेतली, चुरगाळली, नखानं ओरखडली. काळी, तेलकट, बोटांत मऊ. भेग नाही.

"ह्यातला एक तुकडा मला द्याल का? घड्याळाच्या पट्ट्याला," मी त्या बापाला विचारलं.

"न्या की. पडूनच हाय," तो म्हणाला.

सासू दारातनं आली. "न्हाई. लोखंडाचा काय भरवसा? उद्या ती फुटली तर काय वंजळीनं पानी काढायचं?"

मुलगा बैलांकडं वळला. मला तिचं म्हणणं पटलं, पण सोंडेचं टोक मी आधीच पाहून ठेवलं होतं. "मोटेला मी हात लावत नाही," मी म्हटलं. "ही सोंड इथं फाटलीय बघा. परत लावायची झाली तर तुम्हाला फाटक्याच्या वरूनच कापावी लागेल. खालचा भाग तुमच्या कामाचा नाही. तेवढाच द्या."

ती जवळ आली. फाटकी जागा तिनं बोटानं चाचपली, वरखाली बघितलं. मग आत जाऊन विळा आणला आणि स्वतःच तो तुकडा कापला. पण दिला नाही. हौदात बुडवून वर दगड ठेवला.

"उद्या गडी आनून दील. भिजून कसं हुतं त्ये बघा आन् मंग बांधा."

मी नगरच्या दुकानात जे केलं, तेच ती तिच्या हौदात करत होती. दुसऱ्या दिवशी गड्यानं आणलेला तुकडा उन्हात वाळवला. त्यातून निथळलेलं पाणी काळं नव्हतं, चामडं ताठ झालं नाही.

बाजाराच्या दिवशी तो तुकडा घेऊन मी चांभाराकडं बसले. त्यानं तो हातात घेऊन वास घेतला. "मोट हाय ही. हाताला बांधनार? लोक हसतील, बाई."

"हसू देत. पट्टा एकाच पदराचा करा. दुहेरी नको, कडेला शिवण नको. माझ्या दोन्ही पट्ट्यांचा आधी शिवणीचा दोराच कुजला."

"बक्कल कशात अडकवू मग? तिथं तर शिवावंच लागंल."

ते मी ठरवलं नव्हतं. तो थोडा विचार करून म्हणाला, "तांब्याची खिळी मारतो. तांबं पान्याला भीत न्हाई." मला ते पसंत पडलं. रापीनं त्यानं चामडं आतून छिलून पातळ केलं. त्याला दोन तुकडे करायचे होते, मी एकच लांब पट्टी करायला सांगितली. घड्याळाच्या दोन्ही बाजूंच्या, पट्टा अडकवायच्या बारीक काड्यांखालून ती आरपार ओवली. एखादी काडी निसटली तरी घड्याळ दुसऱ्या काडीवर लटकून राहील, पडणार नाही, असा माझा हिशेब होता. शेवटी त्यानं करडईचं तेल चोळलं आणि माझ्या मनगटावर बांधून छिद्रं पाडली.

पहिले काही दिवस त्याला गोठ्याचा वास येई. कंपाउंडर नाक मुरडी. तपासणीला आलेल्या मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "हे काय बांधलंय हाताला?"

"मोट, साहेब."

त्यांनी पट्टा निरखला, मग कार्बोलिकची बाटली मागवून त्याच्यावर ओतली. मी फडक्यानं पुसून त्यांच्यापुढं हात धरला. चामड्याला काही झालं नव्हतं, फडकंही पांढरंच होतं. ते हसले आणि औषधांचं कपाट बघायला गेले.

चाळीसचं दशक संपता संपता माझी बदली आमच्याच जिल्ह्यातल्या बेलापूरला झाली. तिकडं उसाचं रान, पैसा खेळता. माझ्या हाताखाली आलेल्या नव्या नर्सनंही घड्याळ घेतलं होतं. तिचा पट्टा महिन्यातच उसवला. एके दिवशी तिनं विचारलं, "ताई, तुमचा पट्टा कुठल्या दुकानातला?"

मी तिला सगळं सांगितलं. दुमडून बघ, ओल्या फडक्यानं घास, शिवण शक्यतो टाळ, आणि खरंच टिकाऊ हवा असेल तर एखाद्या विहिरीवर जाऊन सोंड बघ. तिनं मन लावून ऐकलं. रविवारी नगरला गेली आणि लाल, चकचकीत, सोनेरी बकलाचा पट्टा बांधून आली.

"छान दिसतो ना, ताई?"

खरंच छान दिसत होता. मी तसं सांगितलं. मनगट तिचं होतं.